आटे

जाहिरातीत लिहिलं होतं : इंजिन नुकतंच उघडून नीट केलेलं.
उघडलं होतं, हे खरं.

टार्टूच्या कडेला विटांच्या बुटक्या गॅरेजांची रांग,
बाहेर उणे सतरा,
आत एक हीटर, ज्याची माया फक्त माझ्या डाव्या पोटरीवर.
निळी गाडी ठोकळ्यांवर चढवलेली,
इंजिन काढून फळ्यांवर उताणं.
चार सिलिंडर, दोन-दोन करून एकमेकांकडे पाठ केलेले,
टर्बो बाजूला, गोगलगायीसारखा मिटून,
आणि तेलाच्या परातीत
करडं सिलिकॉन.

किती?
वाढदिवसाच्या केकवर लावतात तितकं.
पातळ रेघ ओढायची तिथे त्याने ट्यूब पिळली होती.
निम्मं बाहेर ओघळलं, ते दिसतं, म्हणून पुसून घेतलं.
निम्मं आत ओघळलं.
तेच पुढे सुटलं तुकड्यातुकड्यांनी,
तेलाबरोबर हिंडलं,
गाळणीच्या तोंडाशी येऊन बसलं.
मिनिटाला सात हजार फेरे घेणाऱ्याला
तहान लागली होती
आणि घशात बोळा.

तिसऱ्या रॉडचं बेअरिंग काढलं : तांबं उघडं पडलेलं,
नख फिरवलं की अडकतं.

एका रबरी नळीचं तोंड लाकडाच्या स्क्रूने बंद.
एका बोल्टखाली वायसरऐवजी
बिअरच्या डब्याचा कापलेला पत्रा, त्यावर अजून अर्धं अक्षर.
परातीचा एक बोल्ट तर पाना लावायच्या आधीच
बोटांनी निघून आला, आज्ञाधारक,
आटेच नव्हते त्याला धरून ठेवायला,
नुसता चिकटवलेला,
शोभेला.

मी मार्गोला शिव्या दिल्या. मार्गो, राहणार व्होरू,
गोरा, हसरा, किल्ली देताना हात दोन्ही हातांत धरणारा.
एस्टोनियन शिव्या संपल्यावर रशियन दिल्या,
त्या थंडीत जास्त टिकतात.

शेजारच्या गॅरेजातून हिल्लार आला,
एके काळी सामूहिक शेतीचे ट्रॅक्टर सांभाळणारा,
थर्मास काखेत. वाकून बराच वेळ परात बघत राहिला,
लोक घाटावरून दरीत बघतात तसा.
म्हणाला, हा माणूस घाईत नव्हता.
घाईतला कमी लावतो.
हा घाबरला होता.
आणि कॉफी न देताच गेला.

नवी बेअरिंग आली, क्रँक घासून आला,
प्रत्येक पृष्ठभाग मी प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडला,
धातू लागू दिला नाही.
शनिवारी ओतेप्याच्या मातीच्या रस्त्यांवर शर्यत,
प्रवेशाचे पैसे भरलेले, परत न मिळणारे.
बुधवारची रात्र. परात जागेवर.
टॉर्क पान्यावर आकडा लावला, दोनदा तपासला.
सातवा बोल्ट. टक् होण्याची वाट बघतोय
आणि टक् होत नाही.
हातातला ताण अचानक मऊ होतो,
लोण्यात सुरी जावी तसा,
ते सुख वाटतं क्षणभर, हे कुणाला सांगू नये.

ॲल्युमिनियमचे आटे, त्याच्या बोल्टच्या शेजारचेच,
चकचकीत केसासारखे बाहेर आलेले.

फळीवर ट्यूब होती. करडीच.
पुसली की कोण बघणार आहे?
झाकण काढलं. टोक कापलंसुद्धा.
हीटर माझ्या पोटरीशी काहीतरी पुटपुटत होता.
मग तशीच ठेवली, उघडी,
सकाळपर्यंत तोंडाशी सुकेल,
आणि दिवा मालवून घरी गेलो, हात न धुता.

गुरुवारी फोन लावला. तीन आठवडे पाठ केलेली वाक्यं होती,
एकही आठवलं नाही.
मार्गो, मी निळ्या गाडीवाला, म्हणालो,
परातीचा तो बोल्ट गेला तेव्हा
किती वाजले होते?

पलीकडे कुणीतरी टीव्ही बंद केला.
तीन, तो म्हणाला.
मग, जरा थांबून, अगदी बरोबर सांगावं म्हणून :
सव्वातीन.